एका पहाटेची वहिवाट

जानेवारीतल्या एका रविवारी, उजाडायला अजून पाऊण तास अवकाश असताना, वरळीच्या समुद्रकाठच्या कठड्याशी मी आणि आप्पासाहेब उभे होतो. वांद्र्याकडून आलेला सागरी सेतू जेथे जमिनीवर उतरतो, तेथून थोड्याच अंतरावर आम्ही जागा धरली होती. एरवी अहोरात्र मोटारींच्या घरघरीने भरलेला तो रस्ता पोलिसांच्या बंदोबस्तामुळे इतका निःशब्द झाला होता, की खालच्या खडकांवर आपटणाऱ्या भरतीच्या लाटा एकेक करून मोजता याव्यात. मग सेतूच्या बाजूने, वाळल्या पाचोळ्यावरून गुरांचा कळप यावा तसा एक मंद, अखंड आवाज येऊ लागला, आणि दिव्यांच्या पिवळ्या उजेडात माणसे दिसू लागली. ती अर्धमॅरेथॉन धावणारी मंडळी होती, आणि त्यांत माझी थोरली बहीण होती. वय वर्षे साठ. महापालिकेच्या शाळेतून मुख्याध्यापिका म्हणून निवृत्त झालेली. डोक्यावर कापडी टोपी आणि छातीवर टाचणीने लावलेला क्रमांक. आम्हांला पाहून ती थांबली नाही. फक्त हात वर करून आप्पासाहेबांना एवढेच म्हणाली, "संध्याकाळी या, भावोजी. राहिलेले बोलू."

आप्पासाहेब हे ताईचे धाकटे दीर. सार्वजनिक बांधकाम खात्यात कार्यकारी अभियंता म्हणून त्यांची हयात कोकणातल्या खाड्यांवर पूल बांधण्यात गेली. सेतूवरून माणसांनी धावावे की नाही, या विषयावर त्यांचा आणि ताईचा वाद आठ दिवस चालला होता, आणि दोघेही आपापल्या अनुभवाच्या बळावर बोलणारी असल्यामुळे त्यांपैकी कोणाचेच म्हणणे बाजूला सारण्यासारखे नव्हते. त्या संध्याकाळी दादरच्या घरी ताई घंगाळात मिठाचे कोमट पाणी घेऊन त्यात पाय सोडून बसली होती, दाजींनी चहा आणून ठेवला होता, आणि आप्पासाहेबांनी कपाला हात लावण्याआधीच बोलण्याला आरंभ केला. ते संभाषण येथे शक्य तितके जसेच्या तसे देत आहे, कारण त्यातून जो प्रश्न शेवटी पुढे आला, तो मुंबईच्या एका सेतूपुरता राहत नाही.

"वहिनी, तुमच्या धावण्याचे मला कौतुक आहे, आणि ते मी सकाळी थंडीत उभे राहून सिद्ध केले आहे," आप्पासाहेब म्हणाले. "परंतु कोणतेही बांधकाम ज्या प्रयोजनासाठी उभारले, त्या प्रयोजनानेच त्याचे मोल करावे, हे आमच्या धंद्यातले पहिले सूत्र. हा सेतू ५.६ किलोमीटर लांबीचा. ३० जून २००९ रोजी त्याचे उद्घाटन झाले, आणि आठही मार्गिका पुढच्या वर्षी खुल्या झाल्या. माहीमच्या बांधावर वाहनांची जी कोंडी होई, ती सुटावी, एवढ्याचसाठी शासनाने भर समुद्रात खांब रोवले. तो मार्ग आहे, मैदान नव्हे. तो काही तास बंद ठेवायचा म्हणजे त्या वेळात ज्याला रुग्णाला घेऊन वांद्र्याहून परळच्या इस्पितळांकडे यायचे असेल, त्याला पुन्हा त्याच जुन्या बांधाने, त्याच गल्ल्यांतून पाठवायचे. बंदोबस्ताला उभ्या असलेल्या शिपायांची रात्र जागरणात जाते. हे सर्व कशासाठी, तर काही हजार लोकांना समुद्रावरून धावण्याचा आनंद मिळावा म्हणून. आनंद मी क्षुल्लक मानीत नाही. पण सार्वजनिक मार्गाच्या प्रयोजनापुढे तो दुय्यम मानतो."

ताई म्हणाली, "रुग्णाचा मुद्दा मला मान्य आहे, आणि त्याचे उत्तर माझ्यापाशी नाही. रुग्णवाहिकेला वाट मिळण्याची तजवीज आयोजकांनी आणि पोलिसांनी करावी लागते, ती ते करतात, तरीही कोणाचा तरी खोळंबा होत असेल, हे ओझे धावणाऱ्याने मनात बाळगलेच पाहिजे. पण प्रयोजनाचे सूत्र तुम्ही सांगितलेत, म्हणून विचारते. प्रयोजन ठरवतो कोण? ज्याला मोटार आहे त्याला तो सेतू वर्षाचे तीनशे पासष्ट दिवस खुला आहे. दुचाकी नेता येत नाही, रिक्षा नेता येत नाही, आणि पायी चालणाऱ्याला तर तेथे पाऊल ठेवण्याची मनाई आहे. या शहरात मोटारीवाल्यांपेक्षा चालणारे कितीतरी अधिक. म्हणजे अधिकांसाठी जो मार्ग मुळात नाहीच, तो एका पहाटे त्यांच्यासाठी उघडतो, तेव्हा आपण त्याला अडथळा म्हणतो."

"मनाई अकारण नाही," आप्पासाहेब शांतपणे म्हणाले. "सेतूला पदपथ नाही. भरधाव वाहनांच्या शेजारून माणूस चालू लागला, तर तो स्वतःच्या आणि दुसऱ्याच्या जिवावर उठेल. पावसाळ्यात तेथे वाऱ्याचा जोर असा असतो, की किनाऱ्यावरच्या माणसाला त्याची कल्पना येणार नाही. कठड्याशी दुःखद घटना घडू नयेत, म्हणून पहारा ठेवावा लागतो. हा हुकूम कोणी लहरीने काढलेला नाही. पदपथ नसताना चालण्याची मुभा देणारा अधिकारी मी असतो, तर मला झोप लागली नसती."

"पण पदपथ का नाही, हा त्याच्याही मागचा प्रश्न आहे, भावोजी."

आप्पासाहेब त्यावर क्षणभर थांबले, आणि मग त्यांनी वेगळ्या बाजूने आरंभ केला. ते म्हणाले, "देखाव्याची गोष्ट घेऊ. सेतूवरून धावणे रम्य, असे सगळे म्हणतात. पण तुम्ही पहाटे पाचच्या सुमारास माहीमहून निघालात. सूर्य उगवतो सव्वासातला. तुम्ही सेतूवर चढलात अंधारात आणि उतरलात अंधारात. मग कोणता देखावा तुम्ही पाहिलात? पूर्ण मॅरेथॉनवाले दक्षिणेकडून येतात, त्यांना निदान सेतूवर उजाडते. तुमच्या वाट्याला तर तेही नाही."

मला वाटले होते, ताई येथे हसून विषय सोडील. पण ती पाण्यातले पाय स्थिर ठेवून, मुलांना धडा समजावताना बोलत असे तशा सावकाश स्वरात बोलू लागली.

"सकाळी आम्ही माहीमहून निघालो, ते प्रथम त्या जुन्या बांधावरूनच वांद्र्याला गेलो. खाली मिठी नदी समुद्राला मिळते. चिखलाचा आणि सुकत घातलेल्या मासळीचा वास नाकात भरतो. मग वळसा घेऊन टोलनाक्याच्या रिकाम्या खिडक्यांमधून सेतूवर आलो. तेथपर्यंत इमारतींमुळे वारा अडलेला असतो. सेतूवर पहिली शंभर पावले टाकली, आणि घाम एकाएकी गार झाला. चढ इतका हलका, की मोटारीतून जाताना तो आहे हे मला इतक्या वर्षांत कळले नव्हते. तो पोटऱ्यांना कळला. मग त्या मोठ्या मनोऱ्याखाली आलो. तुम्हीच सांगितले होतेत, तो १२८ मीटर उंच आहे आणि त्याच्या दोन्ही बाजूंना मिळून २६४ केबली आहेत. मोटारीच्या काचेतून त्या एका जाळीसारख्या सरकून जातात. धावताना एकेक केबल वेगळी समोर येते, दिव्याखाली तिची जाडी दिसते, आणि ती मागे जाण्याआधी आपण तिच्याकडे दोन श्वासांपुरते पाहतो. मध्येच रस्त्याला आडवी, दाते एकमेकांत अडकवलेली पोलादी पट्टी येते…"

"प्रसरण-सांधा," आप्पासाहेब हळूच म्हणाले.

"तोच. मोटारीत असताना त्याचा फक्त धडक्-धडक् असा आवाज ऐकलेला. आज त्यावर पाय पडला, आणि मोज्यातून, बुटाच्या तळव्यातून, त्याच्या फटीतून वर येणारा वारा पायाला लागला. खाली पाणी आहे, आणि आपण त्याच्यावर अधांतरी आहोत, हे मला त्या फटीने सांगितले. पश्चिमेला काळोख होता, आणि त्या काळोखात वरळी कोळीवाड्याच्या होड्यांचे तीन-चार दिवे हलत होते. ती माणसे आमच्याही आधी उठलेली होती. पूर्वेला माहीमचा किनारा आणि त्यावरचे दिवे. त्यांतला काळा तुकडा म्हणजे माहीमचा किल्ला असावा, असे मी ताडले. माझ्या शेजारून एक पन्नाशीचा गृहस्थ धावत होता. त्याचा एक पाय थोडा ओढला जात होता. तो मला म्हणाला, मी या पुलाच्या कामावर दोन वर्षे होतो, त्यानंतर आज प्रथमच येथे पाय ठेवतो आहे. तो कोणत्या कामावर होता, हे विचारायचे राहिले; गर्दीत तो पुढे गेला. भावोजी, देखावा म्हणजे एवढेच. उजेड असता तर अधिक दिसले असते, पण कमी जाणवले असते."

बराच वेळ कोणी बोलले नाही. मग आप्पासाहेबांनी अभियंत्याच्या जबाबदारीने आपला पुढचा मुद्दा मांडला.

"त्या गृहस्थाबद्दल तुम्ही सांगितलेत, ते मला लागले. तरीही गर्दीची गोष्ट मी सोडणार नाही. लोकांची समजूत अशी, की माणसे हलकी आणि मोटारी जड. वस्तुतः दाटीने उभी राहिलेली माणसे पुलाला मोटारींच्या रांगेपेक्षा अधिक भार देऊ शकतात. आमच्या संहितेत गर्दीच्या पदपथासाठी दर चौरस मीटरला ५०० किलोपर्यंत भार धरतात, तो उगाच नाही. सॅन फ्रान्सिस्कोच्या गोल्डन गेट पुलाला १९८७ साली पन्नास वर्षे झाली, म्हणून तो लोकांना पायी खुला केला. अंदाजे तीन लाख माणसे त्यावर एकाच वेळी अडकली, आणि पुलाला मध्यभागी जी कमान दिलेली असते, ती त्या भाराने सपाट झाली. पूल सुरक्षित राहिला, हे त्याच्या रचनाकारांचे श्रेय. दुसरी गोष्ट लंडनची. २००० सालच्या जून महिन्यात थेम्सवर मिलेनियम पूल उघडला, तो केवळ पादचाऱ्यांसाठीच होता. पण माणसे चालू लागताच तो बाजूला डोलू लागला, आणि डोलणाऱ्या जमिनीवर तोल राखण्यासाठी माणसे नकळत त्याच तालावर पावले टाकू लागली, त्यामुळे डोलणे आणखी वाढले. दोन दिवसांत तो बंद करावा लागला, आणि कंपन शोषणारी यंत्रणा बसवून २००२ साली पुन्हा उघडला. माणसाचे पाऊल ही पुलाच्या दृष्टीने मामुली वस्तू नव्हे, वहिनी."

"हे मी मनापासून मान्य करते," ताई म्हणाली. "आणि आम्ही धावणारे दाटीने उभे राहत नाही, एकेका गटाने सोडले जातो, एकाच तालावर पावले टाकीत नाही, हे तुम्हांलाही ठाऊक आहे. पण त्याच गोल्डन गेटची दुसरी गोष्ट मागे तुम्हीच मला सांगितली होती. १९३७ च्या मे महिन्यात तो पूल उघडला, तेव्हा पहिला दिवस पायी चालणाऱ्यांना दिला होता. मोटारी दुसऱ्या दिवशी आल्या. त्याला आजही पदपथ आहे. न्यूयॉर्कचा ब्रुकलिन पूल १८८३ सालचा. त्यात तर चालणाऱ्यांचा मार्ग वाहनांच्या मधोमध, त्यांच्याही वर उचलून बांधला. सिडनीच्या पुलावरही चालता येते. माणसाचे पाऊल मामुली नाही, हे या सर्व अभियंत्यांना तुमच्याइतकेच माहीत होते, आणि माहीत होते म्हणूनच त्यांनी त्याचा हिशेब आधी केला. आमच्याकडे तो हिशेबच वगळला गेला, आणि आता तो नाही म्हणून तुम्ही मला थांबवता."

या बोलण्यात रोष नव्हता. किंबहुना ताईने लगेच स्वतःविरुद्धची एक गोष्ट सांगितली. सेतूच्या उतारावर पाण्याचे टेबल होते. पुढे धावणाऱ्यांनी दोन घोट पिऊन टाकलेल्या प्लास्टिकच्या छोट्या बाटल्या कठड्याच्या कडेने वाऱ्यावर घरंगळत होत्या, आणि पाणी वाहून जाण्यासाठी ठेवलेल्या भोकाशी एक बाटली अडकून थरथरत होती. तिच्या पलीकडे समुद्र. नारिंगी कोट घातलेली एक सफाई कामगार बाई हातातल्या काठीने ती ओढून घेत होती. ताई थांबली, तिने ती बाटली उचलली, पुढे दिसलेल्या आणखी तीन उचलल्या आणि पिशवीत टाकल्या. "त्या बाईने माझ्याकडे पाहिले, पण काही बोलली नाही," ताई म्हणाली. "ज्या सेतूवर आम्हांला वर्षातून एक पहाट मिळते, त्याच्यावरून आम्ही समुद्रात कचरा लोटणार असू, तर मनाईचा हुकूम योग्यच म्हणायचा. हक्क मागणाऱ्याने आधी वागणूक दाखवावी लागते."

आप्पासाहेबांना ही कबुली आवडली असावी, कारण त्यांचा स्वर मऊ झाला. ते म्हणाले, "मग आता आणखी एक विचारतो. किनारी रस्ता झाला. त्याच्या कडेने समुद्राला लागून चालण्यासाठी लांबलचक पदपथ २०२५ च्या ऑगस्टमध्ये लोकांना खुला झाला. मरीन ड्राइव्ह तर आहेच. समुद्र पाहायचा, वारा घ्यायचा, धावायचे, ते सर्व तेथे बारा महिने करता येते. मग सेतूचाच आग्रह का?"

"कारण किनाऱ्यावरची वाट आपल्याला त्याच किनाऱ्यावर ठेवते," ताई म्हणाली. "पूल पलीकडे नेतो. पलीकडे जाता येणे ही वेगळीच गोष्ट आहे. तुम्ही वारंवार माहीमच्या बांधाचे नाव घेता. पण तो बांध कोणी बांधवला, हे शाळेत मी मुलांना दरवर्षी सांगत असे. माहीम आणि वांद्रे यांच्यामध्ये खाडी होती, माणसे होडीने ये-जा करीत, होड्या उलटत, जीव जात. सरकार पैसा खर्चायला तयार होईना. तेव्हा सर जमशेटजी जीजीभाई यांच्या पत्नी आवाबाई यांनी एक लाख सत्तावन्न हजार रुपये दिले, आणि १८४५ साली बांध खुला झाला. त्यांची अट एकच होती, की या वाटेवर सरकारने कोणाकडूनही कर घेऊ नये. पलीकडे जाण्याचे मोल लागू नये, असे त्या काळातल्या एका स्त्रीला वाटले. आज पहाटे मी प्रथम तिच्या बांधावरून गेले, आणि मग तुमच्या सेतूवरून परत आले. एकाच खाडीवरच्या त्या दोन वाटा. पहिलीवर पायी जाणाऱ्याला कोणी कधी अडवले नाही. दुसरीवर मला वर्षातून एकदा, नाव नोंदवून, शुल्क भरून जाता आले. दीडशेहून अधिक वर्षांत आपले कौशल्य किती पटींनी वाढले, आणि चालणाऱ्याचा वाटा मात्र किती आखडला, एवढेच मला त्या दोन वाटांवरून धावताना जाणवत होते."

मी आतापर्यंत ऐकतच होतो. येथे मी म्हणालो, "ताई, कायद्यात याला वहिवाट म्हणतात. एखाद्या वाटेने लोक वर्षानुवर्षे गेले, की तिच्यावरून जाण्याचा हक्क त्यांना मिळतो. मालकालाही ती अडवता येत नाही."

"हो, पण वर्षातून एका पहाटेने वहिवाट सिद्ध होत नाही," ती म्हणाली. "तिने फक्त आठवण राहते."

आप्पासाहेब उठून गॅलरीत गेले, थोडा वेळ खाली पाहत उभे राहिले आणि परत येऊन बसले. ते म्हणाले, "वरळीच्या कोळ्यांनी ही गोष्ट आपल्याला करून दाखवली आहे. किनारी रस्त्याचे खांब वरळी कोळीवाड्यासमोर समुद्रात उतरणार होते, आणि नकाशात दोन खांबांमधले अंतर ६० मीटर होते. कोळी म्हणाले, भरतीओहोटीच्या ओढीत आमच्या होड्या एवढ्या फटीतून सुखरूप जाणार नाहीत. ही आमची पिढ्यान्‌पिढ्यांची वाट आहे. त्यांनी काम अडवले, दरखास्ती दिल्या, आणि अखेर तो गाळा १२० मीटरचा झाला. आमच्या धंद्यातल्या कित्येकांना ते आवडले नाही. मला तेव्हा वाटले, की ज्याची वाट, त्यालाच तिची रुंदी ठाऊक. नकाशा बदलतो, वहिनी. फक्त तो कागदावर असेपर्यंत बोलावे लागते. बांधून झालेल्या सेतूला बाजूने पदपथ लटकवणे सोपे नाही. भाराचा, वाऱ्याचा, सांध्यांचा सगळा हिशेब नव्याने मांडावा लागतो. म्हणून या सेतूबद्दल मी तुमच्या बाजूने येऊ शकत नाही."

"मग ज्या पुलांबद्दल येऊ शकाल, त्यांचे सांगते," ताई म्हणाली, आणि मला वाटते, आठ दिवस ती याच वाक्याकडे येत होती. "रेवसपासून रेडीपर्यंत सागरी महामार्ग होतो आहे. धरमतर, आगरदांडा, बाणकोट, दाभोळ, जयगड, या खाड्यांवर मोठे पूल योजले आहेत. आमचे माहेर गुहागर तालुक्यातले. लहानपणी दापोलीला मावशीकडे जायचे, तर आम्ही दाभोळची खाडी तरीतून ओलांडत असू. आई डोक्यावर गाठोडे, काखेत धाकटा भाऊ आणि हाताला मला धरून तरीत चढायची. तो धाकटा भाऊ हा समोर बसला आहे. तरीवाला माणशी पैसे घेई. पण चालत आलेल्या माणसाला तो कधी नाही म्हणाला नाही. आज तेथे मोठी फेरीबोट चालते, तीतही चालत येणाऱ्याला जागा असते. शाळेतली मुले जातात, कोळणी टोपल्या घेऊन जातात. उद्या पूल होईल, मोटारी दोन मिनिटांत पार होतील, आणि मग फेरीबोट परवडत नाही म्हणून बंद पडेल. त्या दिवशी पुलावर पदपथ नसेल, तर ज्या बाईला आज वीसेक मिनिटांत पलीकडे जाता येते, तिला पुलाच्या तोंडाशी उभे राहून कोणाच्या तरी गाडीला हात दाखवावा लागेल. ज्या खाडीवर तिची वहिवाट पिढ्यान्‌पिढ्यांची, तेथून तिला पुलाने हुसकावले, असे होईल. मी सेतूवर धावले ते आनंदासाठी; ती बाई पुलावरून जाईल ती पोटासाठी. पण आम्हां दोघींना लागणारी जागा एकच आहे, कठड्याच्या आत दीड-दोन मीटर."

आप्पासाहेबांनी चहाचा कप, तो केव्हाच निवला होता, बाजूला सरकवला. त्यांच्या चेहऱ्यावर वादात हरल्याचा भाव नव्हता. खूप दिवसांनी काही आठवल्यासारखे ते दिसत होते.

"माझ्या पहिल्या पुलाची गोष्ट मी कधी सांगितली नाही," ते म्हणाले. "लहान पूल, रत्नागिरी जिल्ह्यातल्या एका खाडीवर. शेवटचा गाळा भरून झाला होता, कठडे व्हायचे होते, उद्घाटनाला मंत्री यायचे होते, आणि तोवर कोणाला सोडायचे नाही, असा हुकूम मीच काढला होता. एका सकाळी मी पाहतो, तर पलीकडच्या गावची एक म्हातारी कोळीण, डोक्यावर टोपली, पुलाच्या मधोमध चालत येते आहे. पहारेकरी तिला अडवायला धावला. ती माझ्यासमोर येऊन उभी राहिली आणि म्हणाली, 'साहेब, बघू दे की. माझा नवरा याच पाण्यात गेला.' मी पहारेकऱ्याला मागे जायला सांगितले आणि तिच्याबरोबर पलीकडच्या टोकापर्यंत चालत गेलो. ती मध्ये एकदा थांबून खाली पाहत राहिली. मीही पाहिले. त्यानंतर मी बांधलेल्या प्रत्येक पुलावरून आधी स्वतः चालत गेलो, कारण पूल पायीच तपासायचा असतो. भेग, सांधा, निचरा, कठड्याची उंची, काहीही मोटारीतून दिसत नाही. पण तपासणीसाठी जे आपण स्वतःला आवश्यक मानतो, ते त्या बाईलाही हवे असते, हे मी कागदावर कधी लिहिले नाही. तुम्ही म्हणता तो हिशेब मी करू शकतो. गाळ्याची लांबी आणि रुंदी कळली, तर पदपथाने भार किती वाढतो आणि खर्च किती वाढतो, हे मी एका रात्रीत मांडून देतो."

"मग अर्ज मी लिहिते," ताई म्हणाली.

माझ्या मते त्या संध्याकाळी सेतूबद्दलचा वाद सुटला नाही, आणि तो सुटण्याची गरजही उरली नाही. आप्पासाहेबांचे म्हणणे खरे आहे, की ज्या सेतूला पदपथ नाही, त्यावर चालण्याची रोजची मुभा देता येत नाही, आणि त्या सेतूवरची एक पहाट ही बंदोबस्तात, शिस्तीत, आणि रुग्णवाहिकेची वाट मोकळी ठेवूनच घेतली पाहिजे. ताईचेही म्हणणे खरे आहे, की ती एक पहाट काही हजार माणसांना पायांनी शिकवून जाते, की समुद्रावरून पलीकडे जाणे हा मोटारीचा मक्ता नव्हता आणि नसावा. सेतूवर धावणाऱ्याने ती शिकवण पदकाबरोबर खुंटीला टांगून ठेवू नये. ज्यांनी वरळीच्या वाऱ्यात तो प्रसरण-सांधा पायाखाली अनुभवला आहे, त्यांनीच कोकणच्या खाड्यांवर होऊ घातलेल्या पुलांसाठी बोलावे. कारण चालणाऱ्याला पुलावर काय लागते, हे त्यांना आता ऐकीव राहिलेले नाही.

त्या रात्री ताईने लिहिलेला अर्ज एका पानाचा आहे, आणि त्याला आप्पासाहेबांनी आकडेमोडीची दोन पाने जोडली आहेत. त्यात मागणी एकच आहे : सागरी महामार्गावरच्या प्रत्येक खाडीपुलाला, वाहनांपासून कठड्याने वेगळा केलेला, दोन माणसे टोपल्या घेऊन समोरासमोर आली तरी सहज जातील एवढा पदपथ असावा, आणि तो होईपर्यंत तेथली फेरीबोट बंद करू नये. ज्यांचे गाव अशा एखाद्या खाडीच्या काठी आहे, त्यांनी आपल्या ग्रामपंचायतीचा ठराव करून असाच अर्ज द्यावा. पुलाचे खांब पाण्यात उतरल्यावर दिलेला अर्ज उशिराचा असतो.